बेबीबाईच्या घरचं परदेशी चॅनल

नाई साहेब, बंद म्हंजे बंद. तुमच्या तहसीलातून कागद आला, त्याच दिवशी ते परदेशी बातम्यायचं चॅनल काढून टाकलं म्या. सारं मंगरूळपीर ओळखते लालसिंग केबलवाल्याले — कोणाच्याई घरी जाऊन पाहा, दिसते का! बसा ना, उभे काहून? तिकडं परदेशात लढाई लागली, तिकडचं सरकार म्हणे हे चॅनल खोटारडं, आपलंई सरकार म्हणे खोटारडं — दोन सरकारं एका गोष्टीवर राजी, मले तं तवाच शंका आली होती! अन् आपले चॅनलवाले? दिवसभर भोंगे वाजवून राह्यले — ‘बंदर बेचिराख! शहराची राख!’ राख का? साहेब, बाजूच्या बेबीबाईचा पोरगा सोमला त्याच बंदरात वेल्डर आहे. पाच दिवस फोन नाई, अन् टीव्हीवर राख. बाईनं गॅस पेटवला नाई घरात. माह्या दुकानात येऊन बसली — ‘भाऊ, ते दुसरं लावा, ती बाई पाहू द्या मले.’ ती बाई म्हंजे तिकडची बातमीदार. इंग्रजी बोलते — बेबीबाईले एक शब्द समजत नाई. पण तिच्या मांगं रस्ता दिसते, पावाचं दुकान उघडं दिसते, लाइनीत माणसं दिसते. बेबीबाई म्हणे, ‘पाव विकून राह्यले, तं राख कशी?’ आता याचं उत्तर तुमच्या कागदात आहे का? नाई! मंग काय करू — छतावरच्या छोट्या डिशवरून एक वायर टाकली तिच्या घरी. एकच... हो, कागद आल्यावर. आता बोललोच तं लिहून घ्या. परवा दुपारी अर्धी गल्ली तिच्या घरात. पाहता पाहता त्या बातमीदार बाईच्या मांगून पोलीस आले, कॅमेऱ्यावर हात ठेवला — पडदा काळा! बेबीबाई धावत आली माह्यावर, ‘वायर काहून काढली?’ म्या म्हटलं, माई, हे माह्या हातचं नाई, तिकडच्या सरकारचं काम आहे. काल सकाळी सोमलाचा फोन आला. जित्ता आहे. गोदाम जळालं, खोली वाचली. मले वाटलं आता बेबीबाई पेढे वाटन — तं म्हणते कशी, ‘भाऊ, त्या बाईले कुठी नेलं हो? तिच्या मायले फोन गेला असन का?’ 

चाला, शिडी लावतो, कापा वायर. फक्त बेबीबाईले तुमीच सांगजा — ते पाहा, दारातच बसली आहे टीव्ही लावून, ती बातमीदार बाई परत दिसन म्हणून... काहून, निंगाले? अहो, तुमची फाइल राह्यली इथं!