पाळण्यातले कांदे

न्हावी: हनुवटी वर. अजून थोडी. हां, आता ऐका व्याहीबुवा, झकास गोष्ट सांगतो तुम्हाला. तोंडाला साबण आहे तोवर मध्ये बोलायचं नाही. वस्तरा माझ्या हातात आहे.

सुतार: मी सुनेला न्यायला आलोय. दाढीला नाही.

न्हावी: असल्या खुंट वाढलेल्या माणसाबरोबर मी मुलगी पाठवत नसतो. बसा. तर एक होती सून.

सुतार: कुणाची ते माहीत आहे मला.

न्हावी: असू द्या. परक्याची आहे असं समजून ऐका, म्हणजे तिची कीव तरी येईल. तर ही सून पडली एका सुताराच्या घरात. सुतार भारी हौशी. लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्यानं शिसवी पाळणा केला. पॉलिश असं, की वाकून बघावं आणि भांग पाडावा. आणि ठेवला कुठं? नवराबायकोच्या खोलीत, पलंग आणि कपाटाच्या मधोमध. रात्री उठलं की नडगीला पाळणा, सकाळी डोळे उघडले की समोर पाळणा.

सुतार: प्रेमानं केला होता.

न्हावी: प्रेमच की. अधूनमधून सासरेबुवा ब्रश घेऊन पॉलिश मारायला हजर, तेही प्रेमच. मग चार दिवस दोघं त्या वासात झोपणार. हलू नका, खळीवर आलोय.

सुतार: आवरा लवकर.

न्हावी: तर सुनेला दोनदा दिवस गेले, आणि दोन्ही वेळा टिकलं नाही. सासूबाईंनी मग शेजारणीनं सांगितलेला काढा पाजला. नंतर शेजारणीच्या बहिणीनं सांगितलेला, बरोबर त्याच्या उलट्या गुणाचा. पोरगी दोन्ही प्यायली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी अस्तराचा नखाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला.

सुतार: अस्तर कसलं?

न्हावी: कोटाला आतून असतं ना, तसं गर्भाशयाला असतं. पाळी आली की उसवतं, मग परत नवं शिवलं जातं. आता तिला तो बीजकोशाचा आजार, पीसीओएस...

सुतार: तो जाड बायकांना होतो म्हणे. आमची सून तर काडी आहे.

न्हावी: चुकलंच आजाराचं, तुम्हाला विचारून यायला हवं होतं. काडीलाही होतो. त्यात बीज वेळेवर सुटत नाही, म्हणून पाळीचं काही खरं नाही. आणि बीज सुटलं की अंगात एक निरोप निघतो, 'आता शांत व्हा, कुणीतरी राहायला येणार आहे.' हिचा तो निरोप निघतच नाही बऱ्याचदा. निघाला तर अस्तराला ऐकू जात नाही. तिथं त्या पांढऱ्या पेशी असतात, जंतूंशी भांडणाऱ्या. त्या आपल्या बाह्या सरसावून उभ्या. जंतू नाही, जखम नाही, तरी भांडण चालू. मग आतून बारीक सूज, कायमची. सोललेल्या गालावर रोज परत वस्तरा फिरवला तर काय होईल, तसं.

सुतार: मग त्या पेशी मारायचं औषध द्यायचं. त्यात काय एवढं.

न्हावी: मीही हेच म्हणालो बाईंना. चांगलं छाती काढून म्हणालो. तर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या...

मुलगी: (वरच्या खोलीतून जिन्याच्या तोंडाशी येऊन) बाबा, अर्धं नका सांगू. मारायच्या नाहीत त्या. मूल रुजताना त्याच पेशी जागा करून देतात, रक्ताच्या वाटा रुंद करतात. त्या नसतील तर काहीच रुजायचं नाही. त्यांना वेळेवर शांत होता आलं पाहिजे, एवढंच. आणि हे सगळं नेमकं कुठं बिनसतं ते डॉक्टरांनाही अजून पुरतं कळलेलं नाही, हे पण सांगा.

न्हावी: ऐकलंत? हुशारी आईकडून आली.

सुतार: सूनबाई, ऐकत होतीस होय. बरी आहेस ना?

मुलगी: बरी आहे, अण्णा. पाणी आणू का?

सुतार: नको. साबण आहे तोंडाला.

मुलगी: बरं.

न्हावी: गेली आत. पण दार लावलेलं नाही तिनं, तेव्हा जरा हळू बोला.

सुतार: मग उपाय काय म्हणाल्या बाई?

न्हावी: अंगातली साखर ताळ्यावर आणायची गोळी. पाळी आणायची गोळी, तिचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. रोज चालणं. आणि काही महिने मुलाचं नाव काढायचं नाही. अस्तराला जरा निवू द्यायचं.

सुतार: काही महिने? अहो, आमच्या हिनं सोमवारी दुसऱ्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. तो लगेच करून देतो म्हणे.

न्हावी: करून देतो? स्टूल आहे का ते?

सुतार: मी कुठं म्हणतोय. ही म्हणते.

न्हावी: बरं, आता गोष्टीचा शेवट. तपासणीचा निकाल घेऊन सून घरी आली. येताना कांदे-बटाटे आणले होते. टोपली मोडलेली. तिनं खोलीत जाऊन सगळे पाळण्यात ओतले.

सुतार: मुद्दाम ओतले. शिसवी पाळण्यात.

न्हावी: मुद्दामच. पण हवा छान खेळते म्हणाली, पट्ट्यांचं अंतर अगदी बरोबर आहे. कारागिराचं कौतुकच केलं की पोरीनं. मग सासूनं घर डोक्यावर घेतलं. तुमचे चिरंजीव मध्ये उभे राहून मोबाईलमध्ये हवामान बघत होते, असं कळतं. आणि सून पिशवी भरून इकडं आली.

सुतार: तिची सासूही रडली हो. अभद्र वाटलं तिला.

न्हावी: वाटणारच. कांदे आहेत, डोळ्यांत पाणी येतंच.

सुतार: पाळण्यामुळं झालं हे सगळं, असं म्हणतात का बाई?

न्हावी: विचारलं मी. मोठ्या आशेनं विचारलं, म्हटलं तुम्हाला कायमचं धारेवर धरता येईल. नाही म्हणाल्या. पाळणा बघून सूज येत नाही. सुटलात तुम्ही, अगदी निर्दोष. माझी फार निराशा झाली.

सुतार: पहिलं गेलं ना, त्याच आठवड्यात मी पॉलिश मारलं होतं. म्हटलं, पुढच्या वेळेला तयार असावा. मला दुसरं काही करता येत नाही हो. घरात कुणाचं काही दुखलं, की मी लाकूड घासत बसतो.

न्हावी: मी काय वेगळा आहे? आल्यापासून तिला विचारतोय, केस कापू का, केस कापू का. दोनदा कापून घेतले तिनं, माझ्यासाठी. आता कानापर्यंत आलेत.

सुतार: सोमवारचं मी मोडतो. हिला मी सांगेन. मग येईल का सूनबाई?

न्हावी: ते मला नका विचारू. उद्या या आणि तिलाच विचारा.

सुतार: आणि पाळणा आज दुकानात नेतो. उगाच डोळ्यापुढं नको.

न्हावी: नेऊ नका. उचललात तर तेवढी जागा रिकामी दिसेल, ती त्याहून वाईट. तुरटी फिरवतो, चुरचुरेल जरा. ते कांदे कुठं आहेत आता?

सुतार: हिनं पोत्यात भरून जिन्याखाली टाकलेत.

न्हावी: मग एक मागणं आहे, व्याहीबुवा. आज एकटेच घरी जा, आणि ते कांदे परत पाळण्यात ओता. तुमच्या हातानं.