न बोललेलं पाणी

गारुफालिया झऱ्यावरून घागर भरून निघाली. घरी पोचेपर्यंत तिने अवाक्षरही काढायचं नव्हतं. नाहीतर उद्या, संत योहानाच्या सणाला, त्या पाण्यात गावातल्या एकाही मुलीचं लग्न कुणाशी होणार ते बघता येणार नव्हतं. रांगेतल्या वासोला हे ठाऊक होतं, म्हणूनच तिला राहवेना.

“काय गं, थानासिस विचारत होता तुझं. काय सांगू त्याला?”

“छळू नकोस तिला, वासो. बोलली तर झऱ्यातली परी, नेराइदा, वाचा नेते.”

“नेऊ दे की, स्तमाताआजी. सासू नवस फेडेल.”

“तुझी नेली असती तर आम्हीही फेडला असता. सर जरा, मला घागर लावू दे.”

“आजी, तिथे शेवाळ आहे, पाय नको ठेवू!”

आजी जागच्या जागी थांबली. गारुफालियाने ओठांवर हात दाबला होता आणि तिचे डोळे भरून आले होते.

“कोण बोललं गं, वासो?”

वासोने एकदा पोरीकडे पाहिलं, मग झऱ्याकडे.

“नेराइदा असेल, आजी. दुसरं कोण बोलणार इथे?”

“मलाही तसंच वाटलं. गोड आवाज आहे हो तिचा. आणि तू का उभी गं, गारुफालिया? पाणी घेऊन जा की घरी.”

गारुफालिया गेली, एक शब्दही न बोलता.