भरतीत अडकलेला दगडोबा

कळंबच्या यष्टी स्टँडवर उस्मानाबादच्या तिकिटाला रांग होती. अनसूयाबाईंच्या पुढं काखेत नवी घोंगडी धरलेली एक म्हातारी उभी होती. तिनं आपल्या पुढच्या गुरुजींना लेकाचं आलेलं पोस्टकार्ड दिलं.

“गुरुजी, कलेक्टरसायबाला काय म्हणू ते सांगा. चीनची लढाई लागली अन् माझ्या दगडोबाला भरतीत धरलं.”

“असं धरून नेत नसतात, मावशी. होता कुठं तो?”

“कोकणात. पाच बैलगाड्या घेऊन घोंगड्या इकायला गेलेत. तिकडं सडक न्हाय म्हणं. समुद्राच्या कडंकडंनं वाळूतनं जायचं.”

“कार्ड कुणी वाचून दाखवलं?”

“शेजारच्या बब्रुवाननं. ‘भरतीत अडकलोय’ एवढं ऐकलं अन् म्होरलं मला ऐकूच आलं न्हाय.”

“म्होरं लिहिलंय, ‘पाणी उतरलं की गाड्या निघतील. बैल खुशाल हायेत.’ समुद्राचं पाणी चढतं, मावशी, त्याला भरती म्हणतात.”

“पलटणीची न्हवं?”

“पाण्याची. दिवसातनं दोनदा चढतं, दोनदा उतरतं.”

“उतरतं न्हवं नक्की?”

“नक्की. कार्ड आठ दिवसांमागचं आहे. कवाच पुढं गेला असंल तो.”

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं अन् ती मागं वळली.

“बाई, तुमी म्होरं व्हा. मला आता कुठं जायचं न्हाय.”

मग तिनं घोंगडी गुरुजींच्या खांद्यावर टाकली.

“सायबासाठी आणली होती. तुमीच घ्या.”

“मला कशाला? दगडोबाला ठेवा.”

“त्याच्यापाशी पाच गाड्या भरून हायेत, गुरुजी.”