नाताळाच्या ओवीला हात का फिरतो

माझं माहेर औशाकडं, सासर उमरीजवळ, अन् मी लगीन होऊन आले तवा निजामाचं राज होतं. गावात आमची पाच-सात घरं येशूची. सासूचं नि माझं दिवसभर वाजायचं, काय सांगू तुम्हाला, भाजीत मीठ जास्ती झालं तरी वाजायचं; पण पहाटं जात्यावर बसलो, एका खुंट्याला दोघींचे हात लागले, की ती ओवी धरायची अन् मला राग धरताच यायचा न्हाई.

येशूच्या जन्माची ओवी तिनं आपल्या मनानं बांधली होती, अक्षराची वळख नसताना:

न्हाई पाळणा न्हाई दोरी, कडब्यावर निजं बाळ,
मरिया म्हणं गाईला, बाई जरा सांभाळ.

तिला लई हौस, नाताळाला ही आमच्या येशूच्या देवळात म्हणावी. पाळकसाहेब म्हणायचे, जात्यावरचं देवळात चालत न्हाई, हितं पेटीवरची, पुस्तकातली गाणी. दोन नाताळ ती तोंड पाडून परत आली. तिसऱ्याला ते म्हणले, बरं, म्हणा एकदा, जमलं तर दरसाली म्हणू, न्हाई तर पुन्हा इषय न्हाई.

धुवट लुगडं नेसून ती समोर उभी राहिली अन् बाई, एक शबुद आठवंना. माणसं खाकरायला लागली, पेटीवाला हसला. मला आधी वाटलं, बरी जिरली. खोटं कशाला बोलू, येशू ऐकून राहिलाय. मग तिचं तोंड पाहिलं अन् माझ्याच डोळ्याला पाणी आलं. तिचा उजवा हात पदरात नुसता गोल फिरून राहिला होता, तवा ध्यानात आलं, जात्याबिगर ही ओवी तिनं कधी म्हणलीच न्हाई. मी डोक्यावर पदर घेतलेली सून, पण सगळ्यांदेखत वरडले, अवं, जातं आणा.

मालक अन् दीर पळाले, जातं घेऊन आले. पाळकसाहेब हां हां म्हणेस्तोवर आम्ही दोघी खाली बसलो, मूठभर जवारी घातली, घरघर सुरू झाली अन् ओवी आपोआप आली. दुसऱ्या खेपेला समद्या बाया म्हणायला लागल्या, पेटीवाल्यानं गुमान सूर धरला. पाळकसाहेब म्हणले, पुढल्या साली जातं आधीच आणून ठेवा.

घरी येताना सासू म्हणली, मीठ आज तू टाक, मी काई बोलत न्हाई.

आता ती न्हाई, पीठ गिरणीतून येतं. पण नाताळाला ही ओवी लागली की देवळात समदे बसल्या जागी हात गोल फिरवतेत. नातसून इचारती, आजी, हात कशापायी? मी म्हणते, फिरव बाई, शबुद हातातच हायत. माझा हात आता थरथरतो, मग ती त्याच्यावर आपला हात ठेवती. जात्याला दोघींचे हात लागतेतच. सुखी राहा बायांनो.