नवरीशिवाय गाणं नाही

हसणार नसाल तर सांगते. इथं आखातात, हूऱ्यात आमच्या शेजारी रत्नागिरीच्या मरियमखाला राहतात. त्यांना हळदीची वीसेक गाणी येतात, जी आता दुसऱ्या कुणालाच येत नाहीत. ती सगळ्यांना ऐकवायची म्हणून मी तीन शुक्रवार मोबाइल घेऊन त्यांच्यापुढे बसले. दर वेळी चहा, खजूर आणि एकच प्रश्न, “नवरी कुठं हाय?”

“खाला, नवरी नाही. नुसतं रेकॉर्डिंग करायचंय.”

“नवरीबिगर हळदीचं गाणं म्हणत नाय.”

“अहो, तुमच्यानंतर ही गाणी खलास!” मी वैतागले.

“मग तू लगीन कर. सगळी म्हणते.”

हे मी मूर्खासारखं आईला सांगितलं. आता तिचा पुण्याहून रोज फोन, “गाणी वाचवायचीत ना तुला? मग बघू का मुलगा?”