ससाणा अंड्यांवर बसला तेव्हा

परवाची गंमत सांगते. लेकीने माझ्या मोबाइलवर परदेशातल्या एका मनोऱ्यावरचं बहिरी ससाण्याचं घरटं लावून दिलंय. दिवसभर कॅमेरा चालू. परवा दुपारी अंड्याला तडा गेला, आणि पिल्लू बाहेर येताना चुकू नये म्हणून मी जेवायलाही उठेना. तेवढ्यात नर आला, मादीला उठवून स्वतः अंड्यांवर बसला.

“बघा, बायकोला जेवायला सोडलं त्यानं,” मी यांना म्हटलं.

हे खुर्ची ओढून बसले. “जा, जेव. मी बघतो.”

“आपल्या मुलांच्या वेळी कधी बसलात का असे?”

“तेव्हा कॅमेरा नव्हता.”

मी पहिला घास घेते तोच नारायण पेठेला ऐकू जाईल अशी आरोळी आली, “अगं, धाव! मुलगा की मुलगी कळत नाही, पण झालंय!”