वड्यांखालचे पत्रे

—तिथंच खटकलं मला, रुख्मामावशी. वड्या उलटायला अंगणात गेले, तर कोहळ्याच्या वडीखाली भोक. पत्र्याला, बोल्टाचं. एवढंच, एक गोल भोक, आणि त्यातून खालचं सारवण दिसत होतं. हात तिथंच थांबला माझा. म्हटलं, हे पत्रे इथं काय करून राहिले? हे तर ट्रकच्या इंजिनाखाली पाहिजे होते — सोडा ना हात. नाही उतरत मी पाण्यात. नुसती काठावर उभी राहते. दादाऽऽ, ओ मनोहरदादाऽऽ... नाही. काहीच नाही.

तुम्ही जन्मभर इथं मासे धरता, तुम्हाला पाणी समजते. मला पाण्याचं काही समजत नाही, पण पत्र्यांचं समजते — कसं, ते विचारू नका. दोन पत्रे असतात, इंजिनाच्या दोन्ही अंगांनी खालून कसायचे. चिखल-पाणी वर उडू नये म्हणून. ते नसले की पाणी थेट पंख्याला लागते, पंखा ते सगळ्या तारांवर भिरकावते, आणि इंजिन जागच्या जागी गप्प. दादा म्हणे, नाही लावायचे, तणस नि कोंडा अडकते त्यात, एखाद दिवशी पेट घेईल. लिलावातल्या जुन्या ट्रकचे इतके लाड कायले? खेम — मिस्त्री म्हणत, लावा. गोंदियाचे मिस्त्री, त्यांनीच तर ते भंगार आमच्या अंगणात उभं केलं. नाला ओलांडायचा तर लावाच, म्हणत. पोळ्यापासून हाच वाद. शेवटी दादा कबूल झाला, पण तोवर मायनं त्या पत्र्यांवर वड्या घालून ठेवल्या होत्या. रुंद, काठ उचललेले, उन्हात चांगले तापणारे — तिला काय माहीत, कशाचे ते! आणि ओली वडी हलवली की मोडते. माय म्हणाली, सुकू द्या, मग लावा. आज दसरा, मुहूर्त चुकवायचा नव्हता. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, हलक्या, लवकर निघणाऱ्या धानाची पोती चढवली आणि निघाले दोघं, दादा आणि मिस्त्री. नाल्यात घोट्याएवढं पाणी आहे, म्हणाला दादा. वड्यांसाठी ट्रक थांबवला तर गाव हसेल, म्हणाला.

होतं ना घोट्याएवढंच, सकाळी? तुम्ही तर इथंच होत्या. मान काऊन हलवता? — बांधाच्या तळ्याचं पाणी नाल्यात सोडलं, हे आमच्या घरी कोणालाच माहीत नव्हतं हो. मला रस्त्यात एका बंडीवाल्यानं सांगितलं, उशिरा येणारा भारी धान शेतात सुकून राहिला म्हणून सोडलं. तिथून धावतच आले. चप्पल कुठं राहिली, ठाऊक नाही. हे पाहा, चाकांचे वण इथून खाली उतरले. उतरले ते उतरले. रस्ता पाण्यातूनच तिरपा जातो, त्या वळणापर्यंत, आणि वळणापलीकडं नुसता झाडोरा. तुमच्या घरचे डोंगा घेऊन पाहायला गेले, ते अजून काऊन नाही आले? — काय वाजलं ते? मासा? मासाच ना? खरं सांगा.

दादाला पोहता येते. लहानपणापासून नवेगावच्या बांधात पोहला तो. दादाची मला भीती नाही — म्हणजे आहे, सख्खा भाऊ आहे, काऊन नसेल? पण त्याला पोहता येत नाही ना. कोणाला म्हणजे? मिस्त्रींना. गोंदियाच्या बाजारात वाढलेला माणूस, तळं पाहिलं की मागं सरते. मला सांगितलं होतं एकदा. सहज, गोष्टीतून गोष्ट निघाली. त्या ट्रकचं एक इंग्रजी पुस्तक आहे, मी नागपूरला कॉलेजात शिकले म्हणून दादानंच मला वाचून दाखवायला बसवलं. मी वाचायची, मराठीत सांगायची, ते नटांवर पाना फिरवत ऐकायचे. पुस्तक तसं पातळ आहे, मावशी. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत पुरेल असं नाही. पत्र्यांचं पान तर — समजलं नाही म्हणायचे, पुन्हा वाचा म्हणायचे, आणि मीही... माय ओसरीतच बसलेली असायची हो. अशा नका पाहू माझ्याकडं. बाबूजींच्या कानावर गेलं तर त्यांना हाकलून देतील आणि मला पुढच्याच लग्नसराईत उजवतील.

अंधारून आलं. तुम्ही एकदा हाक द्या ना, तुमचा आवाज दूर जाते. नाही? बरं. दादाऽऽ... मिस्त्रीऽऽ, ओ मिस्त्रीऽऽ... हे काय, मिस्त्री, मिस्त्री, कोण ओ देईल अशा हाकेला? खेमराजऽ! खेमराज, ओ दे ना रे! मी आहे. ऐकून राहिला का, खेमराज —

थांबा. हात सोडू नका. आली ना ओ? पुन्हा — ऐका. दादाचा नाही आवाज. त्याचा आहे. काय म्हणते? इंजिन बंद पडलं... टपावर चढून बसलो... मनोहर आहे, डोंगा दिसून राहिला. दोघं आहेत, मावशी. दोघंही आहेत. 'राजो, तू पाण्यात येऊ नको' म्हणते. हे राजो-बिजो तुम्ही ऐकलं नाही, समजलं? तुम्ही काही ऐकलं नाही. घरी मला राजकुमारीच म्हणतात, आणि —

दादा टपावरच आहे, नाही का. त्याच्या शेजारी.